गॉथ मंडळींच्या उंबरठ्यावर

मनुष्य दुरून येतांना प्रथम दिसतो तो त्याचा वेष. स्वभाव मागाहून कळतो. पाहणारा मात्र बहुधा वेषावरूनच मनाशीं निकाल देऊन मोकळा होतो. काळ्या रंगाच्या बाबतींत तर हा निकाल फारच लवकर लागतो. संक्रांतीच्या दिवशीं काळी चंद्रकळा घरोघरीं कौतुकानें नेसतात. पण तीच चंद्रकळा एखाद्या बारशाला नेसून गेल्यास वडील मंडळींच्या कपाळावर आठी उमटल्याखेरीज राहत नाहीं. मग ज्या मुलानें किंवा मुलीनें वर्षाचे बाराही महिने काळेंच वापरण्याचें ठरविलें, डोळ्यांभोंवतीं काजळाच्या जाड रेघा ओढल्या, बोटांत वटवाघळाच्या आकाराची चांदीची आंगठी घातली आणि फावल्या वेळीं उदास सुरांचीं इंग्रजी गाणीं ऐकण्याचा छंद लावून घेतला, तिच्याविषयीं वा त्याच्याविषयीं घरांत काळजी सुरू व्हावी यांत नवल तें काय? अशा मंडळींना युरोप-अमेरिकेंत 'गॉथ' या नांवानें ओळखतात. हे गॉथ कोण, त्यांचें मूळ कोठें, त्यांच्यांत नव्यानें जाऊं इच्छिणारानें प्रारंभ कोठून करावा, आणि त्याच्या आईबापांनीं किती भ्यावें, या प्रश्नांचा येथें क्रमानें विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. गॉथ हें मूळचें एका प्राचीन जर्मानिक लोकसमूहाचें नांव. त्यांपैकीं पश्चिम गॉथांनीं अलारिक या आपल्या राजाच्या नेतृत्वाखालीं इ. स. ४१० मध्यें रोम शहर लुटलें, आणि तेव्हांपासून हें नांव रानटीपणाशीं जोडलें गेलें. पुढें सुमारें अकराशें वर्षांनीं इटलींतील चित्रकार व कलावंतांचा चरित्रकार जॉर्जो वासारी यानें मध्ययुगांतील टोंकदार कमानींच्या इमारतींना हिणविण्यासाठीं त्या गॉथांनीं आणलेल्या म्हणून सांगितलें. वस्तुतः त्या वास्तुशैलीशीं गॉथांचा कांहींएक संबंध नव्हता. पण शिवी चिकटली ती चिकटलीच, आणि कालांतरानें त्या शिवीचेंच बिरुद झालें. मुंबईकरांना तर हा शब्द दगडांतून परिचित आहे. १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई टॉवर आणि १८८८ सालीं पुरें झालेलें बोरीबंदरचें स्थानक, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, या दोन्ही इमारती एकोणिसाव्या शतकांत पुनरुज्जीवित झालेल्या गॉथिक शैलीच्या आहेत.

इमारतींवरून हें विशेषण पुस्तकांवर गेलें. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानें १७६४ सालीं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि पुढल्या वर्षीं दुसऱ्या आवृत्तींत तिला 'गॉथिक कथा' असें म्हटलें. पडके किल्ले, भुयारें, शाप, अंधार आणि पूर्वजांचीं पापें हा तिचा मालमसाला. त्याच परंपरेंत मेरी शेलीचें 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ सालीं आणि ब्रॅम स्टोकरचें 'ड्रॅक्युला' १८९७ सालीं अवतरलें. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा रात्रीं अंथरुणांत वाचून दिवा मालविण्यास धजावले नाहींत, असे वाचक आपल्याकडे कांहीं थोडे नाहींत. भीतींतही एक गोडी असते, हें त्यांना निराळें सांगावयास नको.

तथापि आज ज्यांना गॉथ म्हणतात, त्यांचा जन्म ना इमारतींतून झाला, ना पुस्तकांतून. तो झाला गाण्यांतून. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडांत 'पंक' नांवाचें एक दणदणीत, उद्धट व बंडखोर संगीत उदयास आलें. चार सूर वाजवितां येत असले तरी पुरे, वाद्य हातीं घ्यावें आणि रंगमंचावर उभें राहावें, असा त्याचा बाणा होता. हा आवेश दोन-तीन वर्षांत ओसरूं लागला, आणि त्यांतील कांहीं तरुण आरडाओरडा सोडून अंतर्मुख झाले. लंडनचा 'सूझी अँड द बॅन्शीज', मँचेस्टरचा 'जॉय डिव्हिजन', क्रॉली गांवचा 'द क्युअर' आणि लीड्सचा 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' हे त्या वळणावरचे प्रमुख बँड होत. नॉर्थॅम्प्टन येथील 'बाउहाउस' या चौघांच्या बँडनें, एकत्र येऊन अवघे कांहीं आठवडे झाले असतां, २६ जानेवारी १९७९ रोजीं 'बेला लुगोसीज् डेड' हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. बेला लुगोसी हा १९३१ च्या चित्रपटांत ड्रॅक्युलाची भूमिका करणारा हंगेरियन नट. तो १९५६ सालीं वारला, तेव्हां ड्रॅक्युलाचा झगा पांघरूनच त्याला पुरण्यांत आलें होतें. हें गाणें नऊ मिनिटांहून लांब आहे, आणि आरंभीं बराच वेळ त्यांत गायकाचा आवाजच ऐकूं येत नाहीं. नुसता एक टकटकणारा ठेका, पायरीपायरीनें खालीं उतरणारे बेस गिटारचे स्वर आणि ओसाड वाड्यांतून उठावेत तसे प्रतिध्वनि! गॉथ संगीताचा उगम विचारला असतां पुष्कळ जाणकार या गाण्याकडेच बोट दाखवितात.

जुलै १९८२ मध्यें लंडनच्या सोहो भागांत 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा, या नांवाचा नृत्यक्लब सुरू झाला. आठवड्यांतून एक रात्र तेथें ही मंडळी जमत. या गाण्यांच्या चाहत्यांना तेथें एकमेकांची ओळख पटली, वेषाला रूप आलें आणि नांव रूढ झालें. तो क्लब कांहीं वर्षांतच बंद पडला. पण त्या रात्रींचें अनुकरण आधीं इंग्लंडांतील इतर शहरांत आणि मग जर्मनी, अमेरिका, मेक्सिको, जपान अशा दूरदूरच्या देशांत होत गेलें. मौजेची गोष्ट अशी कीं, ज्यांच्या गाण्यांवर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांपैकीं सिस्टर्स ऑफ मर्सीच्या अँड्र्यू एल्ड्रिचसारख्या कित्येकांनीं स्वतःला गॉथ म्हणवून घेण्याचें साफ नाकारलें आहे. देवानें देवत्व नाकारावें आणि भक्तांनीं पूजा चालूच ठेवावी, असा हा प्रकार आहे.

येथें कोणी विचारील कीं, तरुण वयांत ही उदास गाणीं हवींत कशाला? या शंकेचें उत्तर भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत सांपडण्यासारखें आहे. त्यांत सांगितलेल्या आठ रसांत शृंगार व हास्य यांच्या पंक्तीसच करुण, भयानक आणि बीभत्स हेही बसलेले आहेत. प्रत्यक्ष आयुष्यांत शोक कोणासही नको असतो; परंतु गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधूसाठीं डोळे पुसणारा प्रेक्षक पैसे देऊन रडावयास येतो आणि हलक्या मनानें घरीं जातो. गॉथ मंडळींचें मर्म येथेंच आहे. मृत्यु, विरह, एकाकीपणा, जीर्ण वास्तूंचें सौंदर्य, या ज्या गोष्टींकडे इतर लोक पाठ फिरवितात, त्यांकडे हीं माणसें तोंड करून बसतात आणि त्यांतून एक प्रकारचा रस मिळवितात. दुःखाचा आस्वाद घेणें आणि दुःखांत बुडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आतां नवख्याकडे वळूं. गॉथ मंडळींच्या विनोदी परिभाषेंत नवख्याला 'बेबी बॅट', म्हणजे वटवाघळाचें पिल्लूं, असें म्हणतात. त्यांत कुचेष्टेपेक्षां मायेचाच भाग अधिक असतो. हा एक पंथ म्हटला तरी त्याला गुरु नाहीं, दीक्षा नाहीं, वर्गणी नाहीं कीं सभासदांची यादी नाहीं. धर्माचें बंधन नाहीं; आस्तिक, नास्तिक, ख्रिस्ती, यहुदी सारेच त्यांत आढळतात. वयाचेंही बंधन नाहीं. १९५९ सालीं जन्मलेला 'द क्युअर'चा रॉबर्ट स्मिथ यानें नोव्हेंबर १९२४ मध्यें नव्हे, तर २०२४ मध्यें, म्हणजे वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आपल्या बँडचा नवा संग्रह प्रसिद्ध केला आणि तो इंग्लंडांत विक्रींत पहिला आला. त्याच्या मैफलींना आतां आजोबा व नातवंडें शेजारीं शेजारीं उभीं राहतात.

प्रारंभ कानांपासून करावा. कपड्यांपासून करूं नये. हा या सर्व विवेचनांतील मुख्य मुद्दा होय. एका दिवसांत काळे कपडे विकत घेतां येतात, कान मात्र विकत मिळत नाहीं. बाउहाउसचा 'इन द फ्लॅट फील्ड' हा १९८० चा संग्रह, सूझी अँड द बॅन्शीजचा 'जुजू' व द क्युअरचा 'फेथ' हे दोन्ही १९८१ चे, लॉस एंजेलिसच्या 'क्रिश्चन डेथ'चा 'ओन्ली थिएटर ऑफ पेन' हा १९८२ चा, आणि सिस्टर्स ऑफ मर्सीचा 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज' हा १९८५ चा; एवढे पांच संग्रह महिनाभर सावकाश ऐकावे. ऐकतांना चार गोष्टींकडे लक्ष द्यावें. इतर लोकप्रिय संगीतांत बेस गिटार मागें राहून आधार देतो. येथें पुष्कळदां तोच चाल पुढें नेतो. साधी गिटार जाड, करकरीत न वाजतां घुमते, थरथरते. ठेका एकसुरी व मंत्र म्हटल्यासारखा असतो; सिस्टर्स ऑफ मर्सीनें तर माणसाऐवजीं ठेका धरणारें यंत्रच वापरलें आणि त्याला 'डॉक्टर अव्हलांश' असें भारदस्त नांव दिलें. चौथी गोष्ट आवाज: तो बहुधा खर्जांतला, कधीं कुजबुजणारा, कधीं आर्त. या खुणा कानांत बसल्या म्हणजे कर्कश 'हेवी मेटल' आणि गॉथ यांतील भेद आपोआप कळूं लागतो. दोघांचेही कपडे काळे असल्यामुळें भारतांत या दोहोंची गल्लत वरचेवर होते.

हीं सारीं गाणीं जुनीं व इंग्रजी आहेत म्हणून कोणी बिचकण्याचें कारण नाहीं. तुर्कस्तानांतील बुर्सा शहराचा 'शी पास्ट अवे' हा बँड तुर्की भाषेंत गातो आणि त्याला युरोप-अमेरिकेंत श्रोते आहेत. शब्द न कळतां सूर भिडतो, हा अनुभव ज्यांनीं कानडी वा बंगाली गाणें ऐकून घेतला आहे, त्यांना याचें आश्चर्य वाटणार नाहीं. गाण्यांच्या जोडीला वर सांगितलेल्या दोन-तीन कादंबऱ्या वाचाव्या आणि १९२२ चा 'नोस्फेराटू' हा जर्मन मूकपट पाहावा. त्यांतील जिन्याच्या भिंतीवर चढत जाणारी सावली पाहिली म्हणजे गॉथ मंडळींच्या अर्ध्या चित्रकलेचा उलगडा होतो.

वेषाचा विचार यानंतर. काळा हा त्याचा पाया खरा. पण गणवेष असा कोणताही नाहीं. एका टोंकाला पंकांपासून आलेले फाटके जाळीदार मोजे, टोंकदार जोडे व पिंजारलेले केंस, तर दुसऱ्या टोंकाला राणी व्हिक्टोरियाच्या काळचा शोकवेष. पति आल्बर्ट १८६१ सालीं वारल्यापासून १९०१ सालीं स्वतःच्या मृत्यूपर्यंत ती राणी काळाच पोशाख करीत राहिली, आणि तिच्यामुळें सुतकांत वापरावयाच्या काळ्या दागिन्यांचा मोठा व्यापार चालला. हे दागिने 'जेट' नांवाच्या काळ्या खड्याचे असत. जेट म्हणजे कोट्यवधि वर्षें गाडलें जाऊन दगडासारखें झालेलें लांकूड. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील विटबी गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि कादंबरींतला ड्रॅक्युला इंग्लंडांत उतरतो तोही नेमका याच बंदरांत. १९९४ पासून तेथें गॉथ मंडळींचे मेळे भरूं लागले, तें उगीच नव्हे.

नवख्यानें मात्र राणीचा थाट एका दिवसांत उभा करूं नये. पहिल्या पिढीच्या गॉथांजवळ पैसा नव्हता. जुन्या बाजारांतले कपडे कापून, शिवून, रंगवून त्यांनीं आपला वेष घडविला. तीच रीत अद्याप उत्तम. घरांतला एक जुना सदरा काळा रंगवावा, एखादी साधी चांदीची आंगठी घालावी, एवढ्यानें सुरुवात होते. काळें कापड उलटें करून थंड पाण्यांत धुवावें व सावलींत वाळवावें, म्हणजे तें विटत नाहीं. मुंबई-पुण्याच्या उकाड्यांत चामड्याचा लांब कोट हा निव्वळ आत्मपीडेचा प्रकार आहे. तेथें सुती व तलम काळेंच शोभतें. चेहऱ्याला लावावयाचा रंग आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावा, काजळाची कांडी दुसऱ्यास देऊं नये, आणि निजण्यापूर्वीं सर्व रंग धुऊन काढावा. ज्याला नोकरीमुळें किंवा घरच्या रीतीमुळें असा वेष करतां येत नाहीं, तो कमी गॉथ ठरत नाहीं.

पुढची पायरी माणसांत मिसळण्याची. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं गेलेल्या मराठी तरुणांना ती तेथें सहज साध्य होते. जर्मनींतील लाइपझिग येथें १९९२ पासून पेंटेकॉस्टच्या सणाला 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन' नांवाचा मोठा मेळा भरत आला आहे. त्यास सुमारें वीस हजार लोक जमतात. त्या वेळीं शहरांतील उद्यानांत हीं काळ्या वेषांतील माणसें झालरीच्या छत्र्या घेऊन हिरवळीवर फराळाला बसतात आणि लाइपझिगचे नागरिक मुलाबाळांसह तें पाहावयास येतात. अशा ठिकाणीं वागण्याचे नियम साधे आहेत. कोणाच्या वेषाला वा केंसांना हात लावूं नये. छायाचित्र घ्यावयाचें तर विचारून घ्यावें. नाचतांना दुसऱ्याभोंवतीं मोकळी जागा सोडावी. दफनभूमीची शांतता या मंडळींना प्रिय असते. पण थडग्यावर बसूं नये, कारण तें कोणाच्या तरी आप्ताचें असतें. आणि एखादा जुना जाणता 'अमुक बँडचीं पांच गाणीं सांग पाहूं' अशी परीक्षा घेऊं लागला, तर 'ठाऊक नाहींत, आपण सांगा' असें उत्तर द्यावें. खऱ्या रसिकाला याहून आवडतें वाक्य दुसरें नाहीं. समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन यांनीं इंग्लंडांतील गॉथांत स्वतः वावरून त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला. सामाइक आवडींतून जडलेला दीर्घकाळचा स्नेह हें या मंडळींचें मोठें बळ असल्याचें त्यांत दिसून येतें.

राहिली आईबापांची भीति. तिची थट्टा करणें बरें नव्हे. एप्रिल १९९९ मध्यें अमेरिकेंतील कोलंबाइन येथें दोन विद्यार्थ्यांनीं आपल्या शाळेंत गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले, तेव्हां ते गॉथ होते अशा बातम्या जगभर पसरल्या. ते तसे नव्हते, हें पुढें स्पष्ट झालें; पण पहिली बातमी जितकी वाचली जाते, तितकी दुरुस्ती वाचली जात नाहीं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंग्लंडांतील साडेतीन हजारांहून अधिक मुलामुलींची पाहणी २०१५ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. पंधराव्या वर्षीं जीं मुलें स्वतःला ठामपणें गॉथ म्हणवीत, त्यांच्यांत अठराव्या वर्षीं विषण्णतेचा विकार इतरांच्या सुमारें तिप्पट आढळला. हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच संशोधकांनीं हेंही बजावलें आहे कीं, गॉथ झाल्यामुळें विकार जडला असा निष्कर्ष यांतून निघत नाहीं. छत्री घेतलेलीं माणसें पावसांत अधिक दिसतात. म्हणून छत्रीनें पाऊस पडतो असें कोणी म्हणत नाहीं. जें मूल आधींच एकटें वा खिन्न आहे, तें आपलें दुःख ओळखणाऱ्या गाण्याकडे वळणें स्वाभाविक आहे. तेव्हां पालकांनीं कपड्यांच्या रंगाकडे न पाहतां मुलाकडे पाहावें. तें जेवतें का, झोंपतें का, मित्रांत रमतें का, हसतें का? हीं उत्तरें ठीक असतील तर काळा सदरा निरुपद्रवी आहे. तीं ठीक नसतील तर सदरा पांढरा असला तरी डॉक्टरांकडे जावयास हवें. आणि त्याचीं गाणीं व मित्र हिसकावून घेतल्यानें तें बरें होत नाहीं, अधिक एकटें मात्र पडतें.

शिवाय या प्रकरणांत धोका नेहमीं काळ्या वेषाकडूनच येतो असेंही नाहीं. कधीं तो त्या वेषावर येऊन कोसळतो. ऑगस्ट २००७ मध्यें लँकेशायरमधील बेकप या गांवीं सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र रात्रीं एका उद्यानांतून चालले होते. दोघांचाही वेष गॉथ वळणाचा. त्यांनीं कोणाचें कांहीं घेतलें नव्हतें कीं कोणाला दुरुत्तर केलें नव्हतें. तेथील कांहीं मुलांनीं मित्राला खालीं पाडून तुडविलें. त्याचें डोकें मांडीवर घेऊन त्याला वांचवूं पाहणाऱ्या सोफीलाही त्यांनीं तसेंच तुडविलें. तो वांचला, ती २४ ऑगस्टला मरण पावली. पुढल्या वर्षीं दोघां मुलांना जन्मठेप झाली, आणि हीं दोघें निराळीं दिसत होतीं एवढ्याचसाठीं हा हल्ला झाला, असें न्यायाधीशांनीं सांगितलें. सोफीच्या आईनें मुलीच्या नांवानें संस्था काढून शाळाशाळांतून सहिष्णुतेचें शिक्षण देण्याचें काम हातीं घेतलें. एप्रिल २०१३ पासून मँचेस्टर परिसराच्या पोलिसांनीं अशा वेषामुळें होणाऱ्या हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास आरंभ केला.

म्हणून नवख्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हा वेष कोणाला भिववण्यासाठीं नाहीं, आणि रात्रीं-बेरात्रीं एकट्यानें फिरण्याचा तर नाहींच. घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, वेषावरून निकाल देण्याची जी संवय आपणां सर्वांना आहे, तिचें टोंक कोठवर जाऊं शकतें हें बेकपच्या उद्यानांत दिसून आलें आहे. मुलाच्या खोलींतून उदास सूर ऐकूं आले, तर दार ठोठावून आंत जावें, त्याच्या शेजारीं बसावें आणि हें गाणें कोणाचें म्हणून विचारावें. तें मोठ्या उत्साहानें सांगूं लागेल. तें सांगणें पुरें होईतों ऐकावें; गाणें आवडलें नाहीं तरी चालेल.